‘अल्पशा आजाराने’ म्हणजे नेमके कशाने?

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत २००३ साली छापून झाला. त्याची कापडी बांधणीची एक प्रत बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली असते. कोकणातील मूळ गाव कोणते, तेथून कोणत्या पिढीत कोण निघाले, गायकवाड सरकारच्या कोणत्या खात्यात कोणाला किती पगारावर चाकरी होती, कोणाची सोयरीक कोणत्या घराण्याशी झाली, हे सारे त्यात आस्थेने नोंदवले आहे. माझ्या आजोबांना शाळेत गणितासाठी मिळालेल्या बक्षिसाचाही त्यात उल्लेख आहे. मृत्यूच्या नोंदी मात्र सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत. आजोबांच्या नावापुढे ‘अल्पशा आजाराने निधन’, चुलत आजोबांच्या नावापुढे ‘वृद्धापकाळाने निधन’, आणि १९९८ साली वयाच्या ६४ व्या वर्षी गेलेल्या माझ्या थोरल्या काकांच्या नावापुढे पुन्हा ‘अल्पशा आजाराने’. काकांचा आजार तीन वर्षांचा होता आणि त्याला नाव होते. ते नाव आम्हां भावंडांना कळायला आणखी सतरा वर्षे लागली, आणि तेही आमच्या वडिलांना तोच आजार झाला म्हणून कळले.

२०१५ च्या डिसेंबरात मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन एका युरॉलॉजिस्टसमोर, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञासमोर, बसलो होतो. अण्णा तेव्हा ७१ वर्षांचे होते. माहिती लिहून घेता घेता डॉक्टरांनी विचारले, “घरात आणखी कोणाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता का?” मी ठामपणे “नाही” म्हणालो, अण्णा काही बोलले नाहीत, आणि डॉक्टरांनी तसे लिहून घेतले. ते उत्तर चुकीचे आहे हे अण्णांना त्या क्षणी ठाऊक होते की नाही, हे मी त्यांना पुढे कधीच विचारू शकलो नाही.

सांगलीच्या आत्याला फोनवर अण्णांच्या आजाराचे नाव सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे दादाचंच दुखणं की रे हे.” हे आम्हांला कोणी सांगितले का नाही, असे मी विचारले, तेव्हा तिने उलट मलाच विचारले, “अरे, ते काय चारचौघांत सांगायचं दुखणं आहे?” त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाने त्यांच्या घरच्या माळ्यावरून काकांची जुनी फाइल काढली. एका साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत ती गुंडाळून ठेवली होती आणि पिशवीच्या तोंडाला नाडीची गाठ मारलेली होती. आतल्या डिस्चार्ज कार्डावर १९९५ साली, वयाच्या ६१ व्या वर्षी, काकांचे दोन्ही वृषण शस्त्रक्रिया करून काढल्याचे लिहिले होते. घरात त्या शस्त्रक्रियेचे नाव ‘हर्नियाचे ऑपरेशन’ असे होते. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, रोज संध्याकाळी काकांना डबा पोहोचवत होतो, आणि हर्नियाच्या रुग्णाला तीन-तीन आठवडे कशाला झोपवून ठेवले असेल हा प्रश्न मला कधी पडला नाही.

त्या शस्त्रक्रियेत लपवण्यासारखे काहीही नव्हते. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कर्करोगाच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसल्या जातात आणि त्याचा पुरवठा तोडला की पसरलेला आजारही मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृषण काढणे हा त्या उपचाराचा सर्वांत जुना, कमी खर्चाचा आणि आजही मान्य असलेला प्रकार आहे. काकांना त्यामुळे तीन वर्षे मिळाली. पण त्या उपचाराचे नाव घ्यायची घराला लाज वाटली आणि त्या लाजेपोटी आजाराचे नावही पिशवीत गेले. ज्या चुलतभावाने ती पिशवी उघडली, तो त्या दिवशी ५३ वर्षांचा होता. वडिलांना ६१ व्या वर्षी हा आजार झाला होता हे त्याला पंचेचाळिशीच्या आधीच माहीत असायला हवे होते. त्याने पुढच्याच महिन्यात रक्त तपासून घेतले, अहवाल चांगला आला, आणि तरीही कितीतरी दिवस तो आपल्या आईशी नीट बोलत नव्हता.

अण्णांचा आजार आम्हांला इतक्या उशिरा का कळला, हे येथे सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्यासारखी चूक करणारी घरे पुष्कळ असणार. त्यांची कंबर मार्च महिन्यापासून दुखत होती. आम्ही तेल चोळले, शेक दिला, पट्टा आणला, फिजिओथेरपी केली. ज्या दवाखान्यात आम्ही वर्षानुवर्षे जात होतो तेथे त्यांना दरवेळी प्रेमाने सांगण्यात आले, “उंमर थई, काका.” त्यांना लघवीचा काहीही त्रास नव्हता, रात्री एकदा उठत, तेवढेच. त्यामुळे प्रोस्टेटचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. शेवटी मांडीचे हाड दुखू लागले तेव्हा एक्स-रे काढला, त्यात हाडांवर डाग दिसले, आणि मग केलेल्या पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीत आकडा आला १४०. अहवालावर छापलेली मर्यादा असते ४ पर्यंत.

लघवीचा त्रास नसताना प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत कसा जातो, हे मला तेव्हा समजत नव्हते. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. वय वाढते तशी बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी फुगते. ही साधी वाढ नळीला चिकटलेल्या आतल्या भागात होते, म्हणून ती नळी दाबते, धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते. कर्करोग मात्र साधारण सत्तर टक्के वेळा ग्रंथीच्या मागच्या, बाहेरच्या भागात सुरू होतो आणि तेथून नळी लांब असते. त्यामुळे लघवीचा त्रास होणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना कर्करोग नसतो, आणि कर्करोगाची सुरुवात झालेल्या पुष्कळ पुरुषांना कोणताच त्रास नसतो. तो ग्रंथीबाहेर पडून मणक्यात किंवा कमरेच्या हाडांत शिरला की दुखू लागते, आणि तोपर्यंत तो मुळापासून काढून टाकण्याची वेळ निघून गेलेली असते. “काही वाटलं तर दाखवू” हे आपल्या पुरुषांचे ठरलेले उत्तर या आजारापुढे टिकत नाही. लक्षणे नसताना तपासणी करण्याचा, म्हणजे स्क्रीनिंगचा, प्रश्न येथूनच उभा राहतो.

हा प्रश्न सर्व पुरुषांसाठी सारखा नाही. ज्याच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला आहे, त्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. भावाला झाला असेल तर तो वडिलांना झाला असता त्यापेक्षाही थोडा अधिक धरतात. असे सख्खे नातेवाईक दोन किंवा अधिक असतील तर धोका चौपटीच्या घरात किंवा त्याही पुढे जातो, आणि ज्याला झाला त्याचे निदानाचे वय जितके कमी तितकी काळजी अधिक. काका-मामा-आजोबा यांचे वजन त्या मानाने कमी असते, पण वडिलांबरोबर त्यांच्या भावालाही झाला असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. म्हणूनच केवळ ‘कर्करोग’ एवढे कळून भागत नाही. कोणाला, कोणत्या वयात, आणि तो आजार कुठवर गेला, हे तिन्ही ठाऊक असावे लागते.

या माहितीत घरातल्या बायकाही येतात, आणि ही गोष्ट मला सर्वांत नवी होती. फोनवर “म्हणजे दादाचंच दुखणं” म्हणणाऱ्या माझ्या त्याच आत्याला ४८ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. ती त्यातून पूर्ण बरी झाली. तिचे दुखणे बायकांचे आणि भावांचे दुखणे पुरुषांचे, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके, ज्यांतील दोषामुळे स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग घराण्यात उतरतो, ती बाप-मुलगा-मुलगी असा भेद करत नाहीत. विशेषतः बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, तो लहान वयात होतो आणि अधिक आक्रमक असतो. त्यामुळे आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कोणाला कमी वयात स्तनाचा किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर पुरुषांनी तेही आपल्या डॉक्टरांना सांगावे. आमच्याकडे अण्णांचे रक्त २०१८ साली जनुकीय तपासणीसाठी पाठवले. अशी तपासणी शक्यतो आजार झालेल्या माणसापासून सुरू करतात, म्हणजे दोष असेल तर तो सापडण्याची शक्यता जास्त असते आणि मग पुढच्या पिढीत नेमके काय शोधायचे ते कळते. अण्णांच्या त्या जनुकांत दोष सापडला नाही. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले की यामुळे घराण्यातला धोका पुसला जात नाही. पुष्कळ घरांत हा आजार एका मोठ्या दोषामुळे उतरत नाही. अनेक लहान लहान जनुकीय फरक एकत्र येऊन तो उतरतो, आणि आपली तपासणी आपण ठरल्याप्रमाणे चालूच ठेवायची असते.

ती केव्हा सुरू करायची याबाबत वेगवेगळ्या देशांतील संस्थांचे सल्ले थोडे वेगळे आहेत, पण रोख एकच आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटी सर्वसाधारण पुरुषांनी पन्नाशीला, ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला ६५ च्या आत निदान झाले त्यांनी ४५ व्या वर्षी, आणि ज्यांच्या अशा एकाहून अधिक सख्ख्या नातेवाइकांना लहान वयात निदान झाले त्यांनी ४० व्या वर्षीच डॉक्टरांशी या चाचणीबद्दल बोलावे असे सांगते. युरोपातील युरॉलॉजिस्टांची संघटना घराण्यात आजार असल्यास ४५, आणि बीआरसीए-२ मध्ये दोष असल्यास ४० हे वय सांगते. आपल्या देशात सरकारी पातळीवर तिशीपुढील लोकांची जी कर्करोग तपासणी होते ती तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची. प्रोस्टेटसाठी असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, त्यामुळे तुम्हांला बोलावणे कोणी धाडणार नाही. आम्हां बडोदेकरांना सोयींची उणीव आहे असेही म्हणता येत नाही. मूत्ररोगांसाठी १९७८ पासून चालणारे मुळजीभाई पटेल रुग्णालय नडियादला, तासाभराच्या रेल्वेप्रवासावर आहे, आणि अहमदाबादेत १९७२ पासूनची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. मुतखडा झाला की आपण नडियादची गाडी डोळे मिटून पकडतो. या प्रश्नासाठी मात्र कोणी उठत नाही, कारण घरात कोणी तो काढत नाही.

चाचणी म्हणजे केवळ रक्ताची एक नळी. पुष्कळ पुरुष गुदद्वारातून बोटाने होणाऱ्या तपासणीच्या संकोचाने दूर राहतात, म्हणून मुद्दाम लिहितो, की सुरुवात रक्ताच्या चाचणीनेच करतात आणि बोटाची तपासणी गरज असेल तर नंतर होते. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, हे प्रोस्टेटने तयार केलेले एक प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम, आणि त्यातला अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. अमेरिकेत ही चाचणी १९८६ साली आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी मान्य झाली आणि १९९४ साली निदानाला मदत म्हणून. ती प्रोस्टेटबद्दल बोलते, कर्करोगाबद्दल थेट बोलत नाही, हे तिचे मोठे वैगुण्य आहे. ग्रंथी साधी वाढली तरी आकडा चढतो, लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी चढतो, आदल्या दोन दिवसांत वीर्यपात झाला किंवा सायकल खूप चालवली तरी थोडा चढू शकतो. आकडा ४ ते १० च्या मध्ये असलेल्या चार पुरुषांपैकी साधारण एकालाच बायोप्सीत, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कर्करोग सापडतो. उलट ४ च्या खाली असलेल्यांनाही तो असू शकतो. म्हणून एकदा आकडा जास्त आला की घाबरून धावाधाव करू नये. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी, कारण अनेकांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो.

आकडा वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि तिच्यामुळेच माझ्या थोरल्या भावाचा आजार हाती लागला. अण्णांच्या निदानानंतर मी २०१६ साली, चाळिशी ओलांडताच, पहिली चाचणी केली. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणजे तपासणीची गरज त्याला अधिक. पण रोज पहाटे सायकलने कमाटीबागेपर्यंत जाऊन येणारा तो माणूस, “मला काय धाड भरली आहे?” असे म्हणून सात वर्षे विषय टाळत राहिला. २०२१ मध्ये रात्री उठावे लागते म्हणून त्याला कोणी तरी फिनास्टेराइडची गोळी सुरू करून दिली. २०२३ मध्ये त्याने एका लॅबची सर्वांगीण तपासणीची योजना घेतली आणि अहवाल घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला: पीएसए २.९, शेजारी छापलेली मर्यादा ४ पर्यंत, ठळक अक्षरांत काहीच नाही. खाली वहिनींनी हात जोडल्याचे चित्र टाकले होते. मी तो अहवाल दोनदा वाचला आणि त्याला फोन करून गोळीचे नाव विचारले. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतले की पीएसए जवळपास निम्मा होतो. म्हणजे दादाचा २.९ हा खरे तर ५.८ धरायला हवा होता. ही गोष्ट मी कुठे तरी वाचून ठेवली होती म्हणून लक्षात आली. अहवालाच्या कागदावर ती सांगणारी एकही ओळ नव्हती. प्रोस्टेटच्या वाढीसाठी गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने लॅबमध्ये आणि डॉक्टरांकडे गोळीचे नाव सांगावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दोन दिवस सायकल बंद ठेवून दादाने पुन्हा रक्त दिले आणि आकडा तसाच आला. पुढे एमआरआय झाला. पूर्वी पीएसए वाढलेला दिसला की थेट बायोप्सी करत. आता आधी एमआरआय काढून संशयास्पद जागा आहे का ते पाहतात, तिला १ ते ५ मध्ये गुण देतात, आणि खरोखर गरज असेल तरच सुई टोचतात. त्यामुळे पुष्कळांची बायोप्सी टळते आणि ज्यांची होते त्यांच्यात सुई नेमक्या जागी जाते. दादाच्या ग्रंथीत ४ गुणांची एक जागा सापडली. गुदाशयातून सुई घालण्याऐवजी वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून बायोप्सी केली, कारण त्या मार्गाने जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. चौदा तुकड्यांपैकी दोनांत कर्करोग निघाला, ग्लीसन गुणांक ३ अधिक ३, म्हणजे ६. ही सर्वांत सौम्य पायरी आहे.

आणि मग डॉक्टरांनी सांगितले की आत्ता काहीही करायचे नाही. दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय, वर्षभराने पुन्हा बायोप्सी, आणि आजाराने रूप बदलले तरच उपचार. याला ते सक्रिय देखरेख म्हणतात. अण्णांची पाच वर्षांची इंजेक्शने, त्यांच्या हाडांच्या वेदना आणि २०२० सालचा त्यांचा मृत्यू जवळून पाहिलेल्या वहिनींना हे ऐकवेना. त्या डॉक्टरांसमोरच मला म्हणाल्या, “भाऊजी, घरात साप शिरलाय हे कळलंय, आणि काठी उचलायची नाही म्हणता?” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “ताई, साप आहे हे खरं. पण धामण आहे की नाग, ते आपण बघतो आहोत. धामणीच्या मागे लागून घराची भिंत पाडली तर तुम्हीच मला दोष द्याल.” ती भिंत म्हणजे काय ते त्यांनी पुढे स्पष्ट केले. शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने आजार जातो, पण काही पुरुषांना लघवीवर ताबा राहत नाही आणि अनेकांना लैंगिक दुर्बलता येते. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातील १,६४३ पुरुषांना तीन गटांत विभागले होते, एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तिसऱ्यावर केवळ लक्ष. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांत तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू पावलेले पुरुष तीन टक्क्यांच्या आसपासच होते.

येथे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, की दादाला त्या चाचणीने वाचवले असे मी म्हणू शकत नाही. कदाचित ती धामणच असेल, आणि तपासणी झाली नसती तर तो हे नाव न ऐकता नव्वदीपर्यंत सायकल चालवत राहिला असता. म्हाताऱ्या पुरुषांच्या शरीरात असे मुके कर्करोग पुष्कळ असतात. स्क्रीनिंगवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१२ साली याच कारणाने पीएसए तपासणी करू नये असे सांगितले होते. २०१८ मध्ये त्यांनी ते मत बदलून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे आणि सत्तरीनंतर करू नये असा सल्ला दिला. फायदाही खरा आहे. युरोपात १९९३ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, त्यानुसार तपासणीसाठी बोलावलेल्या गटात या आजाराचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. दर ४५६ पुरुष बोलावले तेव्हा एक मृत्यू टळला. हा हिशोब सर्वसाधारण पुरुषांचा आहे. ज्यांच्या घरात हा आजार दोन-तीन जणांना झाला आहे त्यांच्या तराजूत फायद्याचे पारडे अधिक जड आहे असे माझे मत आहे, आणि बहुतेक संस्था त्यांना लवकर सुरुवात करायला सांगतात ती याच कारणाने. पण चाचणी घेण्याआधीच, ‘आकडा जास्त आला तर मी काय करणार आणि सौम्य आजार सापडला तर थांबण्याची माझी तयारी आहे का’, याचा विचार झालेला असावा. ऐंशी पार केलेल्या माझ्या सासऱ्यांच्या लॅब-तपासणीच्या योजनेत ही चाचणी न विचारता घातली होती, ती मी काढायला लावली. चाळिशीतल्या चुलत पुतण्याच्या योजनेत ती नव्हती, ती घालायला लावली.

दादाची दुसरी बायोप्सी २०२४ मध्ये झाली, गुणांक तोच राहिला. तो सायकल चालवतो. सुरुवातीचे काही महिने दर चाचणीच्या आधी चार दिवस तो कोणाशी बोलत नसे, जेवणात लक्ष नसे, आणि वहिनी त्या चार दिवसांत मला दोनदा तरी फोन करीत. या देखरेखीची किंमत ही आहे, आणि ती लहान नाही. आता ते दिवस थोडे सोपे झाले आहेत, कारण घरात त्याचे नाव घेऊन बोलता येते. मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर वहिनींनीच माझ्या मुलाला सांगितले, “तुझ्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, तुझ्या आजोबांना होता, आणि थोरल्या आजोबांनाही होता.” आत्या त्या वेळी तेथेच बसली होती. तिने थोडा वेळ खाली पाहिले आणि मग स्वतःच तिच्या शस्त्रक्रियेचे साल सांगितले.

दादाच्या निदानामुळे माझे गणित बदलले आहे. आता माझे वडील आणि सख्खा भाऊ असे दोघे झाले. माझा पीएसए पहिल्या वेळी ०.८ होता, गेल्या वर्षी १.१ आला, आणि दोन वर्षांऐवजी आता तो दरवर्षी पाहावा असे डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे.

कुलवृत्तांताच्या शेवटी दोन कोरी पाने आहेत. मी त्यावर पट्टीने रकाने आखले: नाते, आजाराचे नाव, निदानाचे वय, आणि काय उपचार झाले. काका, अण्णा, आत्या आणि दादा यांच्या नोंदी झाल्या आहेत. आजोबांच्या ओळीत प्रश्नचिन्ह आहे. त्यांच्याबद्दल आत्याला एवढेच आठवते की शेवटी शेवटी त्यांना भिंतीला टेकूनही बसवत नव्हते. आईच्या माहेरच्या नोंदींसाठी मी ग्वाल्हेरच्या मामांना पत्र लिहिले आहे, कारण फोनवर ते “सगळे ठीक होते” यापलीकडे जात नाहीत. दादाच्या मुलाचा जन्म १९९८ चा, काका गेले त्याच वर्षीचा. त्याची ओळ अर्थातच रिकामी आहे. त्याने स्वतःच पेन मागून घेतले आणि आपल्या नावापुढे बारीक अक्षरांत लिहिले: ‘पहिली चाचणी, २०३८.’